जागेवाल्यापुढे

कातळवणे, पालीजवळ,
जि. रत्नागिरी
१७ मार्च २०२६

चि. वेदिका हिस,
अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा पायऱ्या चढताना बोलतो, एरवी गप्प असतो. गोळ्या वेळेवर घेते. परवा पाडवा आहे, गुढीची काठी धुऊन ठेवली आहे.

यंदा आंब्याला मोहोर उशिरा आला आणि तुडतुड्याने त्यातला बराच खाल्ला. पहिली काढणी शनिवारी झाली. फळ थोडं आहे, पण देखणं आहे. खालच्या बागेतलं तुझ्या बाबांनी लावलेलं कलम या वर्षी विश्रांती घेणार असं दिसतं.

फोन का केला नाही, असं तू मनात म्हणत असशील. फोनवर तू मध्ये बोलतेस, मग मीही बोलते आणि दोघी फोन ठेवून देतो. पत्रात मला शेवटपर्यंत जाता येतं.

तुझ्याबरोबर काम करणाऱ्या राजापूरच्या निदाने मला तुझा व्हिडिओ पाठवला होता, हे मी तुला कळवलं नाही. तुमच्या तिथल्या, परदेशातल्या सभागृहातला. बाहेरून आलेल्यांना कायमचं राहायची परवानगी मिळायला पाचाऐवजी दहा वर्षं लावावीत की नाही, यावर लोक तावातावाने बोलत होते, आणि तू उठलीस. म्हणालीस, ‘चार वर्षं मी तुमच्या आईवडिलांना अंघोळ घालते, भरवते. शेजारीण म्हणायला तुम्हाला किती वर्षं लागतील तेवढं सांगा.’ आवाज चढवला नाहीस, हात हलवले नाहीस. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही. शिक्षिकेची मुलगी आहे, असं वाटलं. मग माझ्यापुरतंच कशाला ठेवू म्हणून फोन घेऊन सरपंचांकडे गेले. तिथे बसलेला शेजारचा तुझा आत्मारामकाका तर दोनदा म्हणाला, “बाई, पोरगी वाघीण हाय तुमची.”

त्याच ओटीवर, त्याच संध्याकाळी मी ठराव लिहिला.

आता इथवर आलेच आहे तर सांगते. शेजारच्या गावात एका बागेच्या राखणदाराने मालकाचं घर फोडलं होतं. माणूस नेपाळचा होता. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. आत्माराम म्हणाला, “बाई, तुमी लिवा. तुमी लिवलेलं तहसीलदार पण वाचतो.” मी चहा संपवला आणि लिहिलं: बागांवर कामाला असलेल्या परदेशी इसमांना गावात घर भाड्याने देऊ नये, सायंकाळी सातनंतर त्यांनी वाडीत फिरू नये, आणि मार्चअखेर त्यांनी कुटुंबासह गावाची हद्द सोडावी. भाषा चोख होती. सरपंचांच्या मुलाने, सागरने, त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी तुझी एक ओळ आली. ‘आई, अक्षर तुझं आहे.’

हो, माझंच.

बावीस दिवस मी उत्तर दिलं नाही. तूही दुसरी ओळ लिहिली नाहीस. पहिले काही दिवस मला तुझा रागच आला. तू कागदपत्रं करून, परीक्षा देऊन गेलीस. तुझी आणि यांची बरोबरी काय, असं मी घरात एकटी मोठ्याने म्हणत होते. पण नेपाळच्या माणसाला आपल्या देशात राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, हे मला ठाऊक होतं. वर्गात शिकवलं आहे मी ते. ठराव लिहितानाही ठाऊक होतं.

आता शनिवारचं सांगते. जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, जागेवाल्याच्या दगडापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्या बागेत पहिलं फळ उतरत नाही. गाऱ्हाणं दादू गावकराने घालायचं. यंदा तो डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आहे. मी म्हटलं, आठवडाभर थांबू. टेकबहादूर ऐकेना. अकरा वर्षं तो आपली बाग राखतो, एवढ्या वर्षांत माझा शब्द त्याने मोडला नव्हता. म्हणाला, “नको बाई, आजच करूया. फळ तयार हाय. आनि मला येतंय गाऱ्हाणं.”

त्याने अंघोळ केली, डोक्यावर टोपी घातली आणि दगडापुढे उभा राहिला. काढणीची माणसं मागे उभी राहिली. मीही.

“बा जागेवाल्या म्हाराजा, आज तुज्या पायाशी नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“कलमावर चढनाऱ्याचा पाय घसरू देऊ नको.”

“व्हय म्हाराजा.”

“या घरची लेक पोटापान्यासाठी परमुलखात गेली हाय. तिथं कुनी तिच्यावर वाकडी नजर टाकली, तर ती नजर फिरव. तिला त्या मुलखात सुखरूप ठेव म्हाराजा.”

हे वाक्य तू गेल्यापासून दादू दरवर्षी म्हणतो. मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणते आणि क्रेट मोजायला लागते. या वेळी मी टेकबहादूरच्या पाठीकडेच बघत राहिले. माणसं माझ्याकडे बघू लागली. घरच्या माणसाने होकार दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटी म्हटलं.

नंतर मी त्याला विचारलं, “एवढी घाई कसली होती?”

तो नारळाची शकलं वाटत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “उद्या सभा हाय ना बाई. मग आमी असू, नसू. दादूदादा नाय, आमी नाय, तर बाग उघडनार कोन?”

ठराव कुणी लिहिला, हेही त्याला माहीत होतं. पाचवीतल्या त्याच्या मुलीने त्याला वाचून दाखवला होता.

रविवारी विशेष ग्रामसभा झाली. आत्मारामने ठराव वाचला. मी उठले आणि म्हणाले, “हा मसुदा माझा आहे. तो मागे घ्यावा. मी चुकले.”

“बाई, आता काय झालं?” आत्माराम म्हणाला. “आमच्या पोरांला काम नको काय?”

त्यावर मागून गोदा उठली. ऐंशीची आहे, पण आवाज अजून शेतातला आहे. “तुजा बाबू गोरेगावास्न येनार हाय काय रे कलमावर चढायला? त्याला जिना चढताना धाप लागते.”

सभा हसली. आत्माराम हसला नाही. म्हणाला, “तुमची वेदिका कायद्याने गेली हाय, बाई.”

मी म्हटलं, “टेकबहादूरही कायद्यानेच आला आहे. नोंद ठेवा, ओळखपत्रं बघा, पोलिसांकडे यादी द्या, त्याला माझी ना नाही. चोराला पकडा. पण एकाने घर फोडलं म्हणून बाकीच्यांना हाकलायचं, तर हेच तिकडे आपल्या मुलांच्या बाबतीत कुणी बोललं की आपण कोणत्या तोंडाने रडायचं?”

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने सव्वीस, विरोधात एकतीस. नोंदवही ठेवायची असं ठरलं, आणि ती मी ठेवायची. आत्माराम तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पस्तीस वर्षांचा शेजार आहे, वाईट वाटतं. पण माझी झोप परत आली आहे.

टेकबहादूरची माफी मी मागितली. तो म्हणाला, “असू दे बाई,” आणि जाळी ओढू लागला. ‘असू दे’ म्हणजे विसरलो असं नव्हे, एवढं मला कळतं.

वेदू, ‘मी चुकले’ हे सत्तावन्न माणसांसमोर मला एका दमात म्हणता आलं. तुला लिहायला चार कागद फाडले. तू त्या सभागृहात एकटी, परक्या लोकांसमोर, परक्या भाषेत उभी राहिलीस. मी उभी राहिले ते आपल्याच गावात, खाली बसले तर पाणी द्यायला दहा जण होते. तुझी उंची मोठी आहे, हे मी आई असूनही कबूल करते, आणि त्याचा मला गर्व आहे.

शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो तुला न मागता आहेच. या खेपेला मलाच तुझ्याकडून काही हवं आहे. दोन ओळी लिही. रागाच्या असल्या तरी मी पुऱ्या वाचीन.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
आई