वाडग्यातलं हो

दादा, मी बियर प्यायला लागले आहे. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. नातू सोलापुरात नोकरीला लागल्यापासून रविवारी दुपारी एक बाटली घेऊन येतो आणि जेवायच्या आधी ओसरीत बसून पितो. चोरून पीत नाही, हे त्याचं मला आवडतं. पहिल्यांदा त्यानं मला घोटभर दिली तेव्हा माझं तोंड असं काही वाकडं झालं की सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. कडू जहर नुसतं! मी म्हटलं, "मेल्या, असलं पैसे मोजून पितात व्हय?" पुढं कितीतरी वर्षं मी त्या बाटलीकडं ढुंकून पाहिलं नाही. मग गेल्या उन्हाळ्यात एकदा शेंगा भाजल्या होत्या, खारवलेल्या, आणि उकाडा असा की जीव नकोसा झालेला. मीच म्हटलं, आण इकडं जरा. त्या रविवारी एक घोट, पुढच्या रविवारी दोन. आता रविवार उजाडला की आणलीस का रे म्हणून मीच विचारते. नातू हसतो. "आज्जी, तुला आवडायला लागली कशी गं?" मी म्हणते, मला शिकवणारा लई पक्का होता. कोण ते त्याला सांगितलं नाही. तुमच्याशी बोलायचं सोडून त्याच्याशी काय बोलायचं?

तुम्हांला वाचता येत नव्हतं आणि मलाही तेव्हा येत नव्हतं. मला तुमच्या जावयांनी लग्नानंतर शिकवलं, चुलीपुढं राखेत बोटानं अक्षरं काढून. त्यामुळं तुमच्या हयातीत मी तुम्हांला एकसुद्धा पत्र लिहिलेलं नाही.

बेंबळीच्या ओढ्याकाठचं ते शिंदीचं बन मला अजून झाडन् झाड दिसतं. थंडीचे दिवस आहेत, उजाडलेलं नाही, तुम्ही कमरेला दोर घालून वर चढलेले आहात आणि मी खाली रिकामी गाडगी घेऊन कुडकुडत उभी आहे. तुमचा बाप शिंदी काढायचा, तुम्ही काढायचात, आणि घरात एक मी अशी निघाले की मला तिचा वासही सोसायचा नाही. दुपारी गिऱ्हाईक यायचं, आंबूस वास अंगणभर पसरायचा, माणसं मोठमोठ्यानं बोलायची, कुणीतरी उगीच रडायचं. मी नाकाला पदर लावून मागच्या दारी बसायची. गावातल्या बाया मला चिडवायच्या, "अगं, तू शिंदीवाल्याची का बामणाची?" आई म्हणायची, हिला कोण करून घेणार? आणि आईचं खोटं नव्हतं, कारण आपल्या लोकांतली रीतच तशी होती.

ती रीत आता कुणाला माहीत नाही, म्हणून नीट लिहिते. सोयरीक ठरताना दोन्हीकडची माणसं बसली की मधे शिंदीचा वाडगा ठेवायचा. आधी पोराच्या बापानं एक घोट घ्यायचा, मग पोरीच्या बापानं, आणि मग वाडगा पोरीच्या हातात. तिनं घोट गिळला तर हो. भुईवर थुंकला तर नाही. आणि नाही म्हटलं तर का, हे तिला कुणीही विचारायचं नाही, बापानंसुद्धा नाही. एवढा मान होता. आता खरं सांगायचं तर थुंकणारी पोरगी माझ्या वयाच्या कुणी पाहिली नव्हती. आत्या एकदा थुंकली होती म्हणे, तर तिच्या म्हातारपणीसुद्धा लोक तिच्याकडं बोट दाखवून तेच सांगायचे.

निजामाचा तो शेवटचा हिवाळा. सास्तूरकडचं स्थळ आलं. पोरगा मी एकदाच पाहिला होता, जत्रेत, तोही पाठमोरा. मला तो हवा होता असंही नाही आणि नको होता असंही नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला काय कळणार? वाडगा हातात आला. दुपारची शिंदी, चांगली चढलेली, वर फेस. मी डोळे मिटले, श्वास कोंडला, घोट तोंडात घेतला आणि अशी काही उबळ आली की सगळं तिथंच भुईवर! पोराचे वडील उठले, पागोटं सारखं केलं आणि दाराकडं चालायला लागले. आई आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून रडत होती. तुम्ही मात्र ताठ उभे. "माझ्या पोरीनं जबान दिली, विषय संपला," असं म्हणालात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुठं जबान दिली होती? मला नुसती ओकारी आली होती.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर तुम्ही मला रीत मोडून विचारलंत. गाडगं उतरवता उतरवता, माझ्याकडं न बघता. "बाई, पोरगा नको हुता, का शिंदी नको हुती?"

"शिंदी," मी म्हटलं.

"आन् पोरगा?"

"त्याचा इचारच केला न्हाय."

तुम्ही खाली आलात आणि तिथंच मातीत बसलात. आधी वाटलं चिडलात. पण तुम्ही हसत होता, आणि हसता हसता तुमचा चेहरा गंभीर होत गेला. "मंग ह्यो न्हाय झालाच न्हाय की गं," तुम्ही म्हणालात. "जिला पिता येत न्हाय, तिच्या थुंकन्याला काय अर्थ? ती कुठलंबी स्थळ आलं तरी थुंकनारच. आधी प्यायला शीक. मंग खुशाल थूक. मंग कुनाच्या बाची हिंमत न्हाय तुला इचारायची." मला तेव्हा ही तऱ्हेवाईक गोष्ट वाटली. आज कळतं, दादा, तुम्हांला माझं लग्न जमवायचं नव्हतं, तुम्हांला माझा शब्द खरा करायचा होता. त्या काळी, त्या मुलखात, पोरीच्या शब्दासाठी जिवाला घोर लावून घेणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

तुम्ही चालत सास्तूरला गेलात. तिथं काय झालं ते मला पुढं सासूबाईंनी सांगितलं. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणालात, पोरीनं नाही म्हटलेलं नाही, पण हो पण म्हटलेलं नाही, तिला पिताच येत नाही. मामंजी फणकारले, "शिंदीवाल्याच्या पोरीला शिंदी पिता येत न्हाय, असली थाप कुनी ऐकलीय का?" तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "येत नसंल तर शिकवा म्हनावं. संक्रांत झाली की येतो आमी." त्या बाईचे माझ्यावर तिथपासून उपकार.

मग माझी शाळा सुरू झाली. काय शाळा ती! पहिले दिवस तुम्ही पहाटे उतरवलेली ताजी शिंदी दिलीत, ती तर गोडच, लहान पोरंसुद्धा पितात. मग रोज थोडी उशिरा. आज ऊन उंबऱ्याला आलं की, उद्या जात्यापाशी आलं की, परवा गोठ्याच्या दारात. शिंदी उन्हाबरोबर आंबत जाते आणि तुम्ही मला तिच्या मागं मागं चालवत होता. मी नाक दाबलं की तुम्ही हात बाजूला करायचात. "नाक दाबून औशिद पित्यात. ही औशिद न्हाय." मी कुरकुर करायची, थुंकायची, एकदा तर रागानं वाडगा लवंडून दिला. तुम्ही नुसतं म्हणालात, "न्हाय आवडली आज. बरं. उद्या बघू." आई कपाळाला हात लावायची, "बापच पोरीला दारुडी करतोय, काय म्हनावं ह्या मानसाला!"

आणि मग ती दुपार. आम्ही रानातनं आलेलो, ज्वारीच्या हुरड्याची आगटी पेटवलेली, तळहात पोळलेले, तोंडात हिरव्या मिरचीचा ठसका. तुम्ही वाडगा पुढं केलात. ऊन पार डोक्यावर, शिंदी चांगली आंबट. मी घोट घेतला आणि तो जिभेवर चरचरला, नाकात शिरला, आणि मला कळलं की मघापासून जीव ह्याच आंबटासाठी तरसत होता. मी दुसरा घेतला. तिसरा घ्यायला गेले तर तुम्ही वाडगा काढून घेतलात. तुमचं तोंड असं फुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "बास," तुम्ही म्हणालात, "आता तुला थुंकता येतं."

त्याच आठवड्यात सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातली, निजामाशी लढणारी पोरं आली. खांद्याला कुऱ्हाडी. शिंदीवर निजामाची आबकारी चालते, त्याच पैशावर रझाकार पोसले जातात, झाडं पाडायची असं ठरलंय, म्हणाली. आम्हांला वाटलं तुम्ही आडवे पडाल. पोट त्याच्यावर होतं आपलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "झाडं पडत्याल. रझाकारांनी इथल्या मानसास्नी काय तकलीफ दिलीय ते म्या डोळ्यानं बघितलंय. पर माझ्या पोरीची जबान व्हायचीय अजून. ती झाली की म्या सोता पयली कुऱ्हाड घालतो." एक पोरगा उसळला, देशाचं काम मोठं की तुमची सोयरीक? तुम्ही म्हणालात, "सोयरीक न्हाय. जबान." त्यांच्यातला थोरला कुऱ्हाड खाली ठेवून पुढं आला. म्हणाला, ठीक आहे काका, संक्रांत होऊ द्या.

सास्तूरची माणसं आली त्या दिवशी तुम्ही स्वैपाकघरात आलात. पुरुष माणूस तिथं कधी येत नसे. मी पहाटेपासून पाहुण्यांसाठी भाकरी थापत होते, घामानं निथळत होते. तुम्ही खाली बसून हळू म्हणालात, "बाई, नको असंल तर थूक. झाडांची फिकीर करू नको, लोकांची करू नको, माजी तर बिलकुल करू नको. उद्यापासनं शिंदीच न्हाय, म्हंजी ह्यो वाडगाबी न्हाय. जे खरं हाय ते एवढ्यात सांग." मला भडभडून आलं. मी मान डोलावली.

मी अंगणात आले. वाडगा हातात आला. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. आणि मी तो वाडगा घटाघटा रिकामा केला, तळ दिसेपर्यंत. मग मामंजीच म्हणाले, "अरारा! एका घोटाची रीत हाय पोरी, आमाला बुडिवतीस का?" आणि अंगण हसण्यानं भरलं. तुम्ही तेवढे हसला नाहीत. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तुम्हांला सुचत नव्हतं. "बघा," तुम्ही प्रत्येकाला सांगत होता, "तिला थुंकता येत हुतं. येत असून न्हाय थुंकली. ह्याला म्हनत्यात हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शब्दाप्रमाणं पहिली कुऱ्हाड घातलीत. पुढं लोकांच्या रानात राबलात, पण त्या झाडांसाठी कधी हळहळला नाहीत. मी माहेरी आले की येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून तेच, "माझ्या पोरीनं जानून-बुजून हो म्हनलं, असं हो अख्ख्या मुलखात कुनी म्हनलं नसंल." आणि मी आत चहा गाळत गप्प बसायची. कारण खरं वेगळंच होतं, दादा. पहाटेपासून चुलीपुढं होते, घसा कोरडा पडलेला. म्हटलं, आधी एक घोट तोंडात घेऊ, मग गिळायचा का थुंकायचा ते ठरवू. पण तुम्ही त्या दिवशी बनातली सगळ्यांत चांगली शिंदी उतरवली होती. अशी लागली, अशी लागली, की पोराची आठवण झाली तेव्हा वाडगा रिकामा होता. हो की नाही ते ठरवायचं राहूनच गेलं.

हे मी तुमच्या जावयांनाही कधी सांगितलं नाही. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण हो मी पुष्कळ वर्षांनी म्हटलं. तुम्ही गेल्याचा निरोप सास्तूरला आला त्या दुपारी त्यांनी बैलगाडी जुंपली, मला पोरांसकट आत बसवलं आणि बैलांना ओझं नको म्हणून स्वतः उन्हातून चालत राहिले. मी रडत होते. सबंध रस्ताभर ते एकदाही मला रडू नको म्हणाले नाहीत. बेंबळी दिसायला लागली तेव्हा मी त्यांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं आणि मनात म्हटलं, हो. हाच. जाणून-बुजून म्हटलं, दादा, अगदी तुम्हांला हवं होतं तसं. पण ते ऐकायला तुम्ही नव्हता.