रोडाबाईंचं बदक

व्हाइटचॅपेल, ९ ऑक्टोबर १८८८

ती. प्रुडन्सआत्यास, बार्नबीचा रागारागाने केलेला साष्टांग नमस्कार, वि. वि.

काल सकाळी डॉर्कसने (जिच्यापायी मी लंडनला आलो, तिनेच) मला विचारलं, की आता तिच्या आईवरही तूच पद्य रचणार का. त्याच क्षणी माझं आयुष्य पालटलं. इथे बायकांचे खून करत सुटलेल्या त्या नराधमाने गेल्या आठवड्यात जिला मारलं, ती डॉर्कसची आई, तुझ्याकडे सात वर्षं स्वयंपाकीण असलेली रोडा.

आमच्या छापखान्यातून प्रत्येक खुनावर एकपानी पद्य निघतं. दारू, पाप, धुकं सगळं आधीच जुळवलेलं, फक्त नावाची जागा कोरी. 'रोडा' त्यात आखूड पडतं, तेव्हा 'अमेलिया' करा, असं मालक क्रंपसाहेब म्हणाले! वर चित्राचा तोच लाकडी ठसा. चित्रातली ती बाई गेल्या वर्षी विष घालणारी होती, त्याआधी बुडालेली नवरी.

शुक्रवारी अंत्ययात्रेत हे विकणार, आणि डॉर्कस वाचणार. रोडा खरी कशी होती, लगेच कळव.

तुझ्या लोभाला (मी पात्र नसलो तरी) आसुसलेला,
बार्नबी

नॉर्विच, १० ऑक्टोबर

चि. बार्नबीस, कान पिरगाळून अ. उ. आ.

धर्मशास्त्राचं कॉलेज अर्धवट सोडलंस ते पोरीपायी, हे आज कळलं. मला वाटत होतं, ग्रीक भाषेपायी.

रोडा महा उद्धट होती. एकदा चर्चचे बडे अधिकारी, आर्चडीकन, जेवायला आले. त्यांची प्रार्थना इतकी लांबली, की भाजलेलं बदक गार पडू लागलं. रोडाने ते त्यांच्या जोडलेल्या हातांखालून उचललं आणि पुन्हा भट्टीत सारलं. त्यांनी डोळे उघडले तर टेबल रिकामं! मी तिला तिथल्या तिथे काढून टाकलं. सोमवारी तिच्या दारात जाऊन माफी मागितली. तिच्यासारखे डंपलिंग, ते पिठाचे उकडलेले गोळे, कोणाला जमेनात.

पुढे तिने एका खोगीरवाल्याशी लग्न केलं, तो वारला, ती लंडनला गेली. दर नाताळात पत्र यायचं. गेल्या नाताळात आलं नाही, आणि मी चौकशी केली नाही. हे मात्र छापू नकोस.

पायमोजे कोरडे ठेव. लोभ आहे; तो डॉर्कसलाही सांग.

तुझी आत्या

व्हाइटचॅपेल, शुक्रवार

ती. आत्यास, घाईतला नमस्कार.

मालक जेवायला गेले तेवढ्यात दोनशे प्रती छापल्या. बदक आहे, डंपलिंग आहेत, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत रोडा ग्रिमली. नाताळ छापला नाही. ठसा शेगडीत घातला.

कच्ची प्रत वाचून डॉर्कस म्हणाली, की आई सांगायची तेव्हा दरवेळी बदक मोठं व्हायचं. म्हणून मी ते मेंढीएवढं केलं.

मालक परतलेत. बदकावर कोण रडणार, म्हणून ओरडताहेत. मी म्हणालो, की रडायला नव्हे, ओळखायला छापलंय. एप्रन त्यांच्या खुर्चीवर टाकला.

दार आपटायचं अगदी ठरवलं होतं गं. पण खिडकीतून दिसतंय, डॉर्कस पायरीवर काळी टोपी बांधत उभी आहे. लोभ असू दे. पत्र खिशात, प्रती काखेत. हा निघालो, आणि दार हळूच लावून घेतो.

बार्नबी