पोरगी परत येईल का?

ती. बाबा, सविनय जयभीम.

मी इकडे बरी आहे. थंडी लय आहे, पण तुमचा मफलर कामी येऊन राह्यला. गुडघा कसा आहे? गोळ्या घेता ना?

माझं काम तेच. जर्मनीतलं हे शहर रिकामं होऊन राह्यलं. कोणत्या गल्लीतले नळ-दिवे चालू ठेवायचे, ते ठरवाले मी दारोदार म्हाताऱ्यांना विचारते, "पोरं परत येतील का?" हो म्हटलं, तर गल्ली वाचते.

काल नंदाकाकूचा फोन आलता. पुलगावात आपल्या गल्लीतही असेच सर्व्हेवाले आले म्हणे. अर्धी घरं कुलपात, मग नवी पाइपलाइन टाकावी का? त्यायनं माझं विचारलं, अन् तुम्ही त्यायले चहा पाजून सांगितलं, "पोरगी काही येत नाई आता."

मले न विचारता, बाबा? मागच्या दिवाळीत मी येते म्हटलं होतं ना?

इथं ज्यायची पोरं वर्षानुवर्षं फिरकली नाईत, ते म्हातारेही छातीठोक सांगतात, "येतील." खोटं आहे हे मले समजते, तरी मी 'हो' लिहून घेते.

माझ्यासाठी तुमच्यानं तेवढंही खोटं बोलवलं नाई?

तुमचीच,
संघमित्रा