घरामागचा बोळ चालणाऱ्यांना उघडा राहावा म्हणून

मी, हे लिहून देणार, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, बसचालकाची विधवा. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण तो सुई ओवतानाच. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर सांगूनही कोणी ऐकले नाही म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे.

१. राहते घर मुलाला. गळती त्याच्याच खोलीवर आहे, ती आधी पाहावी.

२. शिलाई मशीन मुलीला. तिला शिवता येत नाही, पण भांडता येते, आणि मशीन दुरुस्त करून घ्यायला तेच लागते.

३. पुस्तके ज्याला वाचायची त्याने न्यावीत. मी शाळेत गेले नाही. बसच्या पाट्या वाचत अक्षरे शिकले. वाचणाऱ्याला माझ्या घरात कोणी अडवू नये.

४. धाकट्या दिरांनी नेलेली शिडी त्यांनाच देते, म्हणजे त्यांच्यावर आळ राहणार नाही.

५. आता बोळ. घराच्या मागच्या भिंतीलगत, दोन माणसे शेजारी चालतील एवढी ही जागा घराबरोबर घेतलेली असून माझ्या नावावर आहे. यजमान सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यावर उतरायचे आणि घराकडे चालत यायचे. म्हणायचे, "घराकडे तोंड असलेला माणूस अर्ध्यातून परतत नाही." वाट कोणती हे पोलिसाला न विचारता पेपर टाकणाऱ्याला विचारायचे. सावली हवी, मध्ये पाणी हवे, आणि दमलेल्याला बस मिळेल असा एक तरी फाटा हवा. नाहीतर ती वाट ते कोणाला सांगत नसत. अशा वाटांवर आज आमचे पायी फिरणाऱ्यांचे मंडळ दर रविवारी चालते. त्यातली सगळ्यात चांगली वाट कालव्याच्या काठाने येते आणि आमच्या बोळातून टेकडीला लागते. बोळ बंद झाला तर माणसांना ट्रकांच्या रस्त्यावरून जावे लागेल.

ते गेल्यावर पहिल्या रविवारी मी सवयीने दोघांचा डबा भरला. मग तोच घेऊन एकटी शेवटच्या थांब्यावर उतरले. अर्धा डबा परत आणला. तेव्हापासून एकाचाच भरते, पण चालणे सोडलेले नाही.

दिरांना बोळ त्यांच्या गोदामात घ्यायचा आहे. गेल्या महिन्यात मी गुडघ्यासाठी दवाखान्यात असताना त्यांनी तिथे लोखंडी दार बसवून कुलूप लावले.

"वहिनी, लोकांना चालायला रस्ता आहे की."

"रस्ता ट्रकांना आहे, भावोजी. लोकांना बोळ आहे."

मुलगा म्हणाला, "आई, काकांना कशाला दुखवतेस?"

"त्यांना दुखतं कुठे ते दाखव, मी तेवढी जागा सोडून बोलते."

मुलगा गुणी आहे, पण काकांपुढे त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. म्हणून बोळ मी त्याला न देता सुनेला देत आहे. मंडळाबरोबर चालायला ती पहिल्या रविवारी नव्या चपला घालून आली आणि कालव्यावरच बसली. "आई, हे फिरणं आहे की शिक्षा?" मी म्हटले, "दोन्ही. ऊठ." ती उठली. पुढच्या रविवारी बूट घालून माझ्या आधी दारात उभी होती. मला एवढे पुरते.

अट एकच: बोळ विकू नये, अडवू नये, पायी जाणाऱ्याला का जातोस असे विचारू नये. अट मोडल्यास बोळ मंडळाचा होईल. मुलाने यात माझी माया कमी पडली असे धरू नये. घर त्याचेच आहे, आणि बायकोही.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालू होते. तेवढे थांबायची माझी तयारी नाही. म्हणून ते दार आज सकाळी मी कापून घेतले. तुकडे दिरांच्या गोदामाला नीट टेकवून ठेवले आहेत. लोखंड त्यांचे आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: राहते घर, शिवणाचे टेबल
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२२, रविवार

(सही) लिहून देणार

साक्षीदार १ (सही): शेजारचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. गुडघ्याला विश्रांती सांगितली आहे, ती त्या घेत नाहीत.

साक्षीदार २ (सही): वेल्डिंगवाले. दार मीच बसवले होते. जागा कोणाची ते तेव्हा मला सांगितले नव्हते. आज मीच कापले. सही करून बोळातूनच घरी जात आहे.