तो पुरे म्हणेपर्यंत

३ नोव्हेंबर, दौंड

आधी शनिवारची चूक दुरुस्त करते. भैरूचं वय मी वीस लिहिलं होतं. तो चौतिशीचा आहे. गोल चेहरा, सदा हसू, म्हणून फसले.

बाकी सगळं छान. शिरूरहून आणलेलं सामान लागलं, घरमालकीण सरदारबींनी न मागता चहा दिला. तुरुंगातल्या बौद्धिक दिव्यांग कैद्यांना आधार देण्याचं काम संस्थेनं मला दिलंय. सध्या असा भैरू एकटाच. कुरकुंभला चोरांनी त्याला चोरलेल्या तांब्याच्या तारेपाशी बसवलं आणि स्वतः पळाले. पोलिसांनी विचारलं, तो व्हय म्हणाला. तो सगळ्यालाच व्हय म्हणतो.

४ नोव्हेंबर

बराकीत जो तो त्याला हुकूम सोडतो: नाच, कपडे धू, पाय दाब. तो गोंधळतो, मार खातो. माझा भाऊ स्वराज असाच. त्याला आईनं शिकवलं ती रीत मी इथं लावली. सांगणारा माणूस एकच. तो पुरे म्हणेपर्यंत काम सोडायचं नाही, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. बराकीतल्या संपतआप्पांना नेमलं. शांत, वयस्क गृहस्थ. म्हणाले, ताई, घोर लावून घेऊ नका, पोरगं आता माझं हाय.

६ नोव्हेंबर

भैरूला कुणी मारत नाही. आईला फोन करून सांगितलं.

८ नोव्हेंबर

त्याच बराकीतला पाशा गेला. संपतच्या खटल्यात तो साक्ष देणार होता. जेवणानंतर फीट आली म्हणतात. स्ट्रेचर माझ्यासमोरून नेलं. गळ्यावर दोन अंगठ्यांचे काळेनिळे वळ —

भैरूला विचारलं. म्हणाला, मान दाबली, आप्पा पुरे म्हनलेच न्हाईत.

१० नोव्हेंबर

अधीक्षकांना सांगायला गेले. ते म्हणाले, हात भैरूचे, खून त्याच्याच नावावर चढेल, संपतनं तर बोटही लावलं नाही. बघा, लिहून देताय का?

नाही दिलं.

११ नोव्हेंबर

रीत मोडायला गेले. माझा हात भैरूच्या हातात दिला. समजावलं, कुणीही पुरे म्हटलं की सोडायचं. मागून संपत हळूच म्हणाला, दाब.

मी पुरे म्हणत होते, ओरडत होते. भैरू रडत होता आणि दाबत होता. हाडं वाजली. मग संपत पुरे म्हणाला. आणि म्हणाला, ताई, रीत लई गुणाची हाय तुमची.

बोटं दारात सापडली असं मीच सांगितलं.

१४ नोव्हेंबर

संपतला जामीन. भैरूला जामीनदार त्यानंच आणला. दोघं एकाच रिक्षातून गेले. भैरूनं मला हात केला.

१५ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितेय. भैरू वाचावा म्हणून गप्प बसले. आता तो अजून कुणाची —

सरदारबी म्हणाल्या, कुणी आप्पा येऊन गेले, ताई कुठल्या खोलीत विचारत होते.

न्यायाधीशांना सगळं सांगणार. रीत माझी. शब्द संपतचा. भैरूला कळत —

जिन्यावर दोघं आहेत. एक हसतोय.

सोमवारी, १७ नोव्हेंबरला, कोर्ट उघडताच मी —