डावीकडचा दम

लातूर,
३ डिसेंबर २००१

प्रिय चांदपाशा यास,

सुगतचा जयभीम, सलाम आणि एका हाताची मिठी (दुसरा हात सध्या रजेवर हाय, कारण पुढं येतंय). तुझी तब्येत, रजियाभाभींचे गुडघे आणि अंगणातल्या लिंबाखालची तुझी बाज, सगळं खुशाल असेल असं धरून चालतो. बाजेचं मुद्दाम विचारलं. भूकंपाला आठ वर्षं झाली तरी तू अजून उघड्यावर झोपतोस आणि पाऊस आला की घरात जायचं सोडून बाजेवर ताडपत्री ओढतोस, हे भाभींनी सांगितलं. चार भिंती दिसल्या की छातीत धडधडतं, असं तूच मागं लिहिलं होतंस. तवापासून जिवाला घोर लागून राहिलाय. फोनवर इचारलं तर "हाव, हाव" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पण ते नंतर. आधी माझा खांदा.

तर लेका, सव्वीस जानेवारीला तुमच्या नांदेडला गोदावरीत पाच किलोमीटर पोहण्याची शर्यत हाय आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मी तिच्यात नाव घातलंय. रोज हापिस सुटलं की पोहण्याच्या तलावावर जातो. पहिल्या आठवड्यात वाटलं, आपण अजून तेच गडी. दुसऱ्या आठवड्यात उजव्या खांद्यानं जाहीर केलं की आपण ते न्हाई. आता सदऱ्याची बाही चढवायला विशाखा लागते. ती बाही ओढते आणि म्हणते, "घरच्या हंड्यात तांब्याभर पाणी न्हाई, अन् ह्ये निघाले नदी पोहायला!" (बायको म्हणून ती लई चांगली हाय, पण बाही ओढताना दया दाखवत न्हाई.) निरगुडीचा पाला बांधला. मग विटेचा शेक घेतला. वीट जरा जास्तच तापली होती. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात, आत दुखणं आणि वर फोड.

तू लातूर सोडलंस तवाचं लातूर आता राहिलं न्हाई. भूकंपानंतर टिनाचे शेड आले, आता शेडापेक्षा जास्त कोचिंग क्लास झालेत. आमच्या वरच्या खोलीत डॉक्टर व्हायला आलेल्या चार पोरी राहतात. त्यातली शरणम्मा, निलंग्याकडची, लई हुशार. तिनं माझा खांदा दाबून इचारलं, "काका, दुखणं कसलं? अ, टोचतंय, ब, ओढतंय, क, जळतंय, ड, वरीलपैकी सर्व?" मी रडकुंडीला येऊन ड म्हणालो. "बरोबर!" म्हणून चौघींनी टाळ्या वाजवल्या आणि अभ्यासाला निघून गेल्या. औषध बहुतेक त्यांच्या पुढल्या वर्षाला असावं.

त्याच्यावर कडी म्हणजे कॉलनीची बैठक. पाण्याच्या टाकीचा वॉल रोज पहाटे कोण सोडणार, असा प्रश्न चालला होता. मी बिचारा खांदा मोकळा करायला हात वर केला आणि तो तिथंच अडकला. खाली येईपर्यंत माझ्या नावानं टाळ्या झाल्या होत्या, हारही आला होता. आता पहाटे पाचला तो गंजलेला वॉल फिरवतो (उजव्या हातानं, डाव्यानं तो हालत न्हाई) आणि सांजच्याला पोहतो.

शेवटी तलावावरच्या नरसिंग मास्तरांनी मूळ शोधलं. वयानं पोरसवदा हाय, पण नजर घारीची. म्हणाला, "सुगतराव, तुमी दम घ्यायला दर टायमाला डावीकडंच तोंड वळवता. सगळा भार उजव्या खांद्यावर येतो. उजवीकडं काय वाघ बसलाय का?" मी हसलो. पण मला डावीकडंच का वळावं वाटतं, हे मला ठाऊक होतं, चांदपाशा.

रेणापूरजवळच्या आपल्या गावात आमच्या वस्तीच्या पोरांना कुणी विहिरीच्या कडेला उभं करत न्हवतं. तुझ्या आजोबांनी मात्र माझ्या कमरेला सुकलेला भोपळा बांधला आणि तुझ्याच शेजारी मला पाण्यात सोडलं. त्यांची अट एकच, भोपळा सुटला तर ओरडायचं. कोण कुणाचा, हे त्यांनी कधी इचारलं न्हाई. डावीकडं कायम तू असायचास. पुढं गेलास का मागं राहिलास, बुडतोयस का हसतोयस, हे बघितल्याबिगर मला पुढचा हात मारता येत न्हवता. भूकंपात त्या विहिरीचं दगडी बांधकाम आत ढासळलं, उजाडल्यावर आपण दोघं कडेला बघत उभे होतो. महिन्याभरात नांदेडला सासरवाडीच्या आसऱ्याला गेलास. तवापासून तू पाण्यात उतरला न्हाईस आणि खरं सांगायचं तर यंदापर्यंत मीही उतरलो न्हवतो. मला तुझी लई आठवण येते, गड्या. तलावात तोंड वळवतो आन् डावीकडं नुसती निळी फरशी दिसते.

असो. भाभींना सलाम सांग. खांद्यामुळं अक्षर वाकडं आलंय, समजून घे (शाळेतही वाकडंच होतं, पण तवा कारण न्हवतं).

तुझा,
सुगत

ता. क. पंचेचाळीसच्या वरच्या गटात एकट्याला सोडत न्हाईत, जोडीदार लागतो. दमल्यावर नावेत बसायची मुभा हाय. जोडीदाराच्या रकान्यात तुझं नाव लिहिलंय. सहीही तुझी मीच ठोकली. शाळेत तू माझ्या बापाची ठोकायचास, फिट्टंफाट. फक्त ह्या खेपेला उजवीकडून पोह, मास्तरांचा हुकूम हाय.

आणखी ता. क. मागल्या रविवारी मी नांदेडला येऊन, तुझ्या घरी न येताच परत गेलो. शिव्या दे, पोटभर दे. तुझ्यासाठी नदी बघायला आलो होतो. घाटावरून नाव केली आणि पाचही किलोमीटर बसून गेलो, ह्या काठाकडं बघत, त्या काठाकडं बघत. मधी कुठंच भिंत न्हाई, चांदपाशा. नावाड्यालाही दोनदा इचारलं.