डबलबेडखालची रेषा

३ मार्च, सकाळी ६.४०
कोर्स काल संपला. दोन दिवस, एक प्रमाणपत्र, तांब्याच्या काटकोनी सळयांची जोडी. सळया मुठींत सैल धरून घरात हळूहळू चालायचं. जमिनीतून घातक किरणं येत असतील तिथे त्या आपोआप एकमेकींवर आडव्या येतात.
आधी माझा विश्वास नव्हता. मी वजनमापे खात्यात निरीक्षक, दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासतो. मला कोणी सहज गुंडाळू शकत नाही. पण सळया हलल्या. माझ्याच हातात हलल्या.
हिची झोप उडाल्याला आता तीन महिने होतील. डिसेंबरात खोकल्याने चार रात्री जागली. खोकला गेला. डॉक्टर म्हणाले होते, झोपेची नोंद ठेवा. तेव्हापासून मी एकही नोंद चुकवलेली नाही. अकरा, एक, तीन, पाच. दर वेळी विचारतो, झोप लागली का? दर वेळी उत्तर एकच. नाही.

४ मार्च
बेडरूम मोजली. किरणांची रेषा बरोबर हिच्या उशीखालून जाते! खडूने आखली. ही म्हणाली, आत्ताच पुसली होती हो फरशी. पलंग खिडकीखाली सरकवला. आज निकाल लागेल.

५ मार्च
११ : नाही. १ : नाही. ३ : "हं." (संदिग्ध. हलवून पुन्हा विचारलं. नाही.) ५ : नुसतं पाहिलं.

६ मार्च
रेषा सरकून खिडकीखाली आली आहे. पलंग खोलीच्या मधोमध घेतला. आता कपाटाचं दार वीतभरच उघडतं. ही छत्रीच्या मुठीने कपडे ओढून काढते. सवय होईल.

७ मार्च
ही शाळेत गणित शिकवते. काल फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता उभ्या उभ्या झोपली. मुलं इतकी गुणी की पंधरा मिनिटं कोणी हूं की चूं केलं नाही. मोठ्या बाईंनी बजावलं, पुन्हा असं झालं तर वरचे वर्ग काढून घेईन. वीस वर्षं ते वर्ग हिच्याकडे आहेत. घरी येऊन बुटांसकट बसून राहिली.
एक मात्र सिद्ध झालं : शाळेत किरणं नाहीत.

९ मार्च, रविवार
मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, गॅरेज आहे त्याचं. खडूच्या रेषा पाहून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. म्हणाला, भाऊजी, रोज पलंग ढकलून कंबर मोडून घेण्यापेक्षा चाकं लावून देतो की! ताईला बसवून गावभर फिरवा. अडाण्याशी वाद घालत नाही.
दुपारी चाकं बसवून घेतली. कल्पना वाईट नव्हती.

११ मार्च
मनात शंका. सळया मी तर हलवत नाही ना? दुसऱ्याचा तराजू तपासणाऱ्याने आधी स्वतःचा तपासावा. डोळ्यांवर टॉवेल बांधून वीस फेऱ्या मारल्या, सळया आडव्या आल्या तिथे दर वेळी खूण केली. (हिने हात धरून कपाटापासून वाचवलं. तीन वेळा.)
वीस फेऱ्या, वीस वेगळ्या जागा.
दुसऱ्या कोणी हा निकाल दडपला असता. मी मोरीतल्या स्टुलावर बसून शांतपणे विचार केला. दहा दुकानांतले दहाही तराजू चुकीचे निघाले, तर दोष आपल्या पिशवीतल्या वजनांत शोधावा. या वीसही जागी समान काय होतं?
मी.
म्हणजे किरणं जमिनीतून येतच नाहीत. माझ्यातून येतात.

१२ मार्च
कोर्सच्या सरांना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, लाखात एखादा असतो असा. रविवारी शिकाऊ मंडळींना घेऊन बघायला येतात. भीती वाटली. प्रामाणिकपणे लिहायचं तर थोडा अभिमानही वाटला.
हिला हे सांगितलं. ही म्हणाली, बरं. आजपासून मी गॅलरीत झोपतो, फोल्डिंग कॉटवर. मधलं दार बंद. नोंदी स्थगित, कारण विचारायला आत गेलो तर हिला किरणं लागतील.

१३ मार्च
ही सलग नऊ तास झोपली! शाळेला उशीर झाला तरी केस विंचरताना गुणगुणत होती. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

१४ मार्च
साडेनऊ तास. चहाचा कप दारातूनच लांब हात करून दिला. किती काळजी घेते. मोठ्या बाई म्हणाल्या म्हणे, बाई, चेहरा उजळला तुमचा. माझ्या त्यागाचा तिथे उल्लेख झाला नाही.

१६ मार्च, रविवार, दुपारी
सर आणि अकरा शिकाऊ. मी इस्त्रीचा शर्ट घालून हॉलच्या मधोमध उभा राहिलो. एकेक जण सळया घेऊन माझ्या दिशेने चालत आला.
काही नाही. सर स्वतः आले. काही नाही. एका मुलीने विचारलं, काका, तुम्ही नीट उभे आहात ना? मी आणखी नीट उभा राहिलो.
तेवढ्यात पलंगाची चाकं आवळायला मेहुणा पाना घेऊन दारात आला. अकराच्या अकरा जोड्या खटाखट आडव्या आल्या! सरांनी स्वतः मेहुण्याला खुर्ची दिली. तो म्हणत होता, अहो सोडा, गाडी उघडी टाकून आलोय. सोडलं नाही. पुढच्या कोर्सला त्याला पुढे बसवणार आहेत. जाताना सर मला म्हणाले, निराश होऊ नका, बरेच लोक सामान्य असतात.

रात्री ९
निकाल तो निकाल. मी निर्दोष आहे. त्याची चांगली बाजू म्हणजे आता आत झोपायला हरकत नाही. हिला तसं सांगितलं. नोंदवहीही पुन्हा सुरू करू, अकरापासून.
ही पेपर तपासत होती. लाल पेन खाली ठेवलं. म्हणाली, अहो, अकरा नवशिक्यांचं मोजमाप, तुम्हीच सांगा, कितपत धरायचं? तुम्हीच ना म्हणता, शंका असेल तर माप बाद करावं?
मी म्हणालो, हो, नियमच आहे तसा.
मग उगाच धोका कशाला, म्हणाली. आणि माझी जाड चादर आणून हातात दिली.
शास्त्रीयदृष्ट्या तिचं बरोबर आहे. मी गॅलरीत आलो.

९.१०
कडी आतून लागली.